विमान तिरकं आलं, म्हणजे बरोबरच आलं

गेल्या शुक्रवारी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, रायपूर विमानतळावर सामानाच्या पट्ट्यासमोर माझ्या शेजाऱ्यांनी एक निकाल दिला. आरोपी हजर नव्हती, ती अजून कॉकपिटमध्ये असावी. शिक्षा मात्र भलत्याच मुलीला झाली...

तेव्हापासून मी घरात येरझाऱ्या घालते आहे. चहा गार होतो, पेपर हातातच राहतो. म्हणून लिहिते.

शेजाऱ्यांचं नाव लिहीत नाही, भाऊ म्हणते. नेहरू नगरमध्ये आमच्या भिंतीला भिंत आहे, पोलादाच्या प्लांटमध्ये अधिकारी आहेत, आणि माझ्या पोस्ट न चुकता वाचतात... लाइक करत नाहीत. त्यांच्या केतकीला पायलट व्हायचंय.

त्यासाठीच्या मेडिकल तपासणीसाठी दोघं पुण्याला आले होते, मलाही बहिणीकडून परतायचं होतं, म्हणून एकाच विमानाने निघालो. मेडिकल पास, भाऊ खुशीत. केतकी खिडकीशी, भाऊ मध्ये, मी कडेला.

रायपूर जवळ आलं तसं अंधड सुटलं. उन्हाळ्यातलं आपलं नेहमीचं, धुळीचं वादळ. विमान हलायला लागलं आणि केतकीच्या खिडकीतून पुढे रनवे दिसला... समोर असायला हवा तो बाजूला.

"काकू, हे बाई तिरकं कावून नेऊन राहिली?" भाऊंनी मला विचारलं. बाई, कारण कॅप्टन बाई होत्या. सुरुवातीला स्पीकरवर त्यांचा आवाज ऐकला होता.

मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं, गप्प कशी बसणार. शिवनाथ नदी डोंग्याने सरळ पार करायची तर नावाडी डोंग्याचं नाक थोडं प्रवाहाकडे वळवून ठेवतो, नाहीतर डोंगा वाहत खाली जातो. बाजूच्या वाऱ्यात विमानाचंही तेच... नाक वाऱ्याकडे, वाट रनवेची. चाकं टेकायच्या जरा आधी नाक सरळ करायचं.

जमीन हाताशी आली आणि वाऱ्याचा एक झोत बसला. पंख कलला. लगेच इंजिनं गरजली आणि आम्ही परत वर.

मागून कोणीतरी म्हणालं, "लेडी पायलट है ना भैया, अब घुमाएगी." चारजण हसले. भाऊही हसले... ते मला टोचलं.

मग ते मोठं वळण. विमान गाडीसारखं चाक फिरवून वळत नाही, पंख कलवून वळतं. कललेल्या पंखांवरचा जोरच त्याला वळणाच्या आत ओढतो. केतकी खालची शेतं बघत होती, भाऊ खुर्चीचा हात घट्ट धरून डोळे मिटून.

दुसऱ्यांदा उतरलो ते जरा धप्पकन. तेही योग्यच, अशा वाऱ्यात रनवेवर तरंगत बसायचं नसतं. केतकी हळूच म्हणाली, "भारी उतरवलं."

आणि मग तो पट्टा. भाऊ बॅगेवर नजर ठेवून म्हणाले, "आता हे पायलट-बियलट बंद. जिले एका झटक्यात उतरवता येत नाई, तिच्यासारखी मले पोरगी नाई करायची." केतकीने बॅग उचलली. आणि आमच्या पुढे चालू लागली.

टॅक्सीत मला राहवलं नाही. भाऊंची सगळी नोकरी पोलाद वितळवण्याच्या विभागात झाली. विचारलं, "भाऊ, क्रेनला तापल्या पोलादाचा तो मोठा हंडा, लॅडल, लटकलाय आणि तो झुलतोय. तुम्ही काय करता?"

"उचलून धरायचा. झुलणं थांबल्याबिगर खाली नाई घ्यायचा."

"आणि कोणी घाईने खाली घेतला तर?"

"त्याले मी पुन्हा क्रेनवर चढू देईन का?"

"मग त्या बाईनं वेगळं काय केलं?"

घराअलीकडचं सुपेला आलं, भाऊ ड्रायव्हरला रस्ता सांगू लागले. शेवटी एवढंच, "ते अलग आहे, काकू." कसं अलग, ते नाही सांगितलं.

आता हे तुमच्यासाठी, भाऊ. केतकीला वारा कोणी शिकवला? ती लहान असताना रोज सकाळी गच्चीवर तिला खांद्यावर घेऊन तुम्हीच विचारायचात, "पाह्य बरं, प्लांटच्या चिमणीचा धूर कोणीकडे चालला?"

धूर आपल्याकडे वळला की ती मला हाक मारायची आणि मी धावत जाऊन दोरीवरचे कपडे काढायचे. माझ्या पांढऱ्या साड्या इतकी वर्षं तिच्यामुळे पांढऱ्या राहिल्या.

काल संध्याकाळी ती गच्चीवर एकटीच उभी होती. धूर सरळ आपल्याकडे येत होता. तिने हाक मारली नाही... दोन साड्या पुन्हा धुवायला टाकल्या आहेत.

मी शिकवायचे त्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, तक्रार लेखी करा आणि उत्तरही लेखी मागा. फ्लाइंग स्कूलच्या अर्जाची मुदत सोमवारी संपते. तेव्हा रविवारी सकाळी अकराच्या आत मला लेखी कळवा, की झुलता लॅडल उचलून धरणारा माणूस शहाणा आणि हेलकावणारं विमान उचलून धरणारी बाई नालायक, ती कशी.

"लोक हसले" हे कारण धरलं जाणार नाही. कारण सापडलं नाही, तर सोमवारी अर्जावर सही करा.

त्या कॅप्टन बाईंना दारात थँक्यू म्हणायचं राहून गेलं, ते इथे म्हणते.

आणि भाऊ, समोर यायला अवघड वाटत असेल तर कागद तुमच्या गच्चीवरून माझ्या गच्चीवर टाका. वारा कोणीकडचा आहे, ते आधी केतकीला विचारा.