संतांचे बाप

मुलगी कॉन्व्हेंटमध्ये राहायला गेली आणि आमच्यात बोलायला सिनेमा हा एकच विषय उरला. महिन्यातून एका रविवारी दुपारी चार वाजता तिचा फोन यायचा, वीस मिनिटांचा. त्यातली निम्मी तिच्या आईची. उरलेल्या वेळात मी तिला बरी आहेस का विचारायचो, ती मला शुगर तपासली का विचारायची, आणि मग ती कुठल्या तरी ख्रिस्ती संताच्या आयुष्यावरचा एखादा सिनेमा सुचवायची. मी नाव लिहून घ्यायचो आणि पुढच्या फोनच्या आत बघून टाकायचो. कसा वाटला, असं ती विचारायची. चांगला आहे, असं मी सांगायचो. खरं तर मला काहीच वाटलेलं नसायचं.

त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसा मी सबंधच्या सबंध झालो होतो. जेवत होतो, दुकान उघडत होतो, गिऱ्हाइकाशी हसून बोलत होतो. नंदनवन नावाच्या वस्तीत माझं साड्यांचं दुकान आहे. आजोबा उमरेडला हातमागावर बसायचे, वडिलांनी माग सोडून दुकान घातलं, आणि मी त्याच गादीवर बसून म्हातारा होत आलोय. आमच्या घराण्यात चर्चची पायरी चढलेलं कोणी नव्हतं.

मुलगी धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात नर्स होती. तिथल्या एका वयस्कर ननशी तिचं जुळलं, तिच्याबरोबर ती प्रार्थनेला जाऊ लागली, पुढे तिने बाप्तिस्मा घेतला. हे आम्हाला कळलं ते सगळं होऊन गेल्यावर. तेही मी कसंबसं गिळलं. मग एके दिवशी जेवताना ती म्हणाली की तिला सिस्टर व्हायचंय. मी म्हटलं, अगं, तू सिस्टर आहेसच की, अख्खं हॉस्पिटल तुला सिस्टरच म्हणतं. माझ्या बायकोला वाटलं प्रमोशन मिळतंय, तिने आनंदाने आणखी एक पोळी वाढली. मुलीने ती पोळी खाल्ली, आणि मगच आम्हाला नीट समजावून सांगितलं की ही सिस्टर म्हणजे नन.

मी ओरडलो नाही. लोकांना वाटतं मी आकाशपाताळ एक केलं असेल. ज्या सकाळी ती बॅग घेऊन निघाली, त्या सकाळी मी घड्याळ बघितलं, दुकान उघडायची वेळ झाली म्हणालो आणि किल्ल्या घेऊन निघून गेलो. तिला सोडायला तिची आई गेली. ते कॉन्व्हेंट कामठीच्या थोडं पुढे आहे, शेअर ऑटोने तासाभराच्या आत माणूस पोचतो. बायको तिथे दोनदा जाऊन आली. मी एकदाही गेलो नाही.

तिने सुचवलेला पहिला सिनेमा पाखरांशी बोलणाऱ्या इटलीतल्या संताचा होता. त्याचा बाप कापडाचा व्यापारी. हे तिने मुद्दाम निवडलं का, ते मी विचारलं नाही. आम्ही नवरा-बायको दुपारी टीव्हीसमोर बसलो. खाली इंग्रजी अक्षरं धावत होती, ती वाचून मी बायकोला मराठीत सांगत होतो. मुलगा बापाचं कापड उचलून लोकांना वाटत सुटतो. एक लाल ठाण खिडकीतून खाली चिखलात पडलं, चांगलं जाड, दाट विणीचं. ते पडताना बघून मला त्या कापडाची हळहळ वाटली, झेलायला हात पुढे गेला. सबंध सिनेमात मला वाटलं ते तेवढंच.

पुढे भर चौकात बाप मुलाला जाब विचारतो. मुलगा अंगावरचे सगळे कपडे उतरवतो, त्यांची घडी करून बापाच्या पायाशी ठेवतो आणि गावासमोर सांगतो की आजपासून हा माझा बाप नाही, माझा बाप फक्त स्वर्गात आहे. बायकोने विचारलं, तो काय म्हणून राहिला. मी म्हटलं, तो म्हणतोय, बाबा, तुमचे कपडे घ्या, मळले नाहीत.

 बायकोने विचारलं की एवढ्यासाठी तो एवढा वेळ बोलत होता का. मी आवाज कमी केला.

दुसरा सिनेमा त्याच गावातल्या एका मुलीचा. ती घरातून पळून जाते, केस कापून घेते, आणि घरचे पुरुष तिला ओढून न्यायला येतात तेव्हा वेदीवरचं कापड दोन्ही मुठींनी धरून ठेवते. चार गडी तिला पायाला धरून ओढतात, पण त्या कापडाचा एक टाका उसवत नाही. सिनेमावाल्यांना कापडातलं काही कळत नाही. तिसऱ्या सिनेमातल्या बापाने मुलीला मनोऱ्यात कोंडलं आणि शेवटी स्वतःच तलवार उचलली. त्याच्यावर वीज पडते तिथे बायको चहा ठेवायला उठून गेली.

तिसऱ्यानंतर मी संतांकडे बघणं सोडलं आणि बापांकडे बघू लागलो. त्यांना काम ठरलेलं असतं. आरडाओरडा करायचा, आडवं यायचं, कोंडून ठेवायचं आणि मध्यंतराच्या आसपास नाहीसं व्हायचं. नंतरच्या अर्ध्या सिनेमात संत लोकांच्या जखमा धुतो, देवाशी बोलतो, राजाला खडे बोल सुनावतो, पण घरी तो बाप जेवला का, हे कोणीही विचारत नाही. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मी फक्त नोंद ठेवल्यासारखं बघत होतो.

यातून एक सोय झाली. नातेवाईक आणि गिऱ्हाइकं मुलीबद्दल विचारायची, तेव्हा मी त्यांना सिनेमा सुचवू लागलो. तिने काहून असं केलं, तुम्ही काहून जाऊ दिलं, या सगळ्यावर माझं एकच उत्तर, अमुक सिनेमा बघा, मग बोलू. बहुतेक जण तिथेच गप्प व्हायचे. माझ्या साळ्याने मात्र खरंच बघितला, तोच कापडवाल्याच्या मुलाचा. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन, गादीवर पाय पसरून त्याने निकाल दिला, "जीजाजी, बापाचं काय चुकलं, तेच मले समजलं नाही." घरात आतापर्यंत माझ्या बाजूने बोललेला तो एकटा माणूस. मी त्याला चहा पाजला. बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

तिला जाऊन तिसरं वर्ष संपत आलं तेव्हा तिने आणखी एक सिनेमा सांगितला. सांगताना थोडी घुटमळली आणि म्हणाली की यातला बाप चांगला आहे. म्हणजे इतके दिवस मी काय बघतोय, ते तिला कळलं होतं. मी कधी बोललो नव्हतो.

हा सिनेमा फ्रान्समधल्या एका लहान वयात गेलेल्या संत मुलीचा. आई नसलेल्या पाच बहिणी आणि पांढऱ्या दाढीचा, हळू बोलणारा बाप. धाकटी त्याला बागेत सांगते की तिलाही मठात जायचंय. तो रडतो, भिंतीच्या कडेला उगवलेलं एक पांढरं फूल मुळासकट काढून तिच्या हातात देतो, आणि एके दिवशी स्वतः तिला मठाच्या दारापर्यंत पोचवून येतो. इथपर्यंत बायको पदराने डोळे पुसत होती. पुढे त्या बापाचं डोकं फिरतं. तो घरातून निघून जातो, त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागतं, आणि मुलीला त्याला भेटायला दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. त्याला काय झालं, असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, वय झालं.

पुढच्या फोनवर मुलीने तिच्या आईला सांगितलं की डिसेंबरातल्या एका शनिवारी तिचा नन म्हणून व्रत घेण्याचा विधी आहे, सकाळी दहा वाजता. मग फोन माझ्याकडे आला. तिने सिनेमाचं नाव काढलं नाही. सरळ विचारलं, "बाबा, येऊन राहिले ना तुम्ही?"

मी म्हटलं, तो सिनेमा बघितला. त्या चांगल्या बापाचं पुढे काय झालं, ते तुला ठाऊक नव्हतं का.

 ती म्हणाली की ठाऊक होतं. पण मुलीसोबत दारापर्यंत येणारा बाप तिला दुसऱ्या कुठल्याच सिनेमात सापडला नव्हता. तिने कॉन्व्हेंटच्या कपाटातल्या सगळ्या सीडी शोधल्या होत्या, इतर सिस्टरांनाही विचारलं होतं.

मी म्हटलं, बाप आले नाहीत म्हणून त्या पोरींचं काही अडलं नाही. सगळ्या संत झाल्याच ना.

"झाल्या," ती म्हणाली. "पण मले संत नाही व्हायचं, बाबा. मले तिथं तुम्ही पाहिजे. मी गेली त्या दिवशी तुम्ही दुकान उघडाले निघून गेले होते."

मी तिला सांगितलं की शुगर तपासली.  आमच्या वाट्याची मिनिटं संपली, आणि तिने हळूच ठेवते म्हणून सांगितलं.

मी काही ठरवलं वगैरे नाही. त्या शनिवारी सकाळी बायको तयार होऊन दारात उभी राहिली. येता का, असं तिने विचारलंसुद्धा नाही. माझ्या खिशात दुकानाच्या किल्ल्या होत्या, अंगात दुकानात घालायचा शर्ट होता, आणि तसाच मी तिच्यामागून ऑटोत जाऊन बसलो. ऑटो सुटला तरी मला काही वाटत नव्हतं. कामठीत एका गल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू आला, तेव्हा बायको म्हणाली, आता जवळच आहे.

प्रार्थनेची खोली छोटी होती. समोर तीन मुली आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या, तिघींच्या अंगावर सारख्याच पांढऱ्या साड्या. पॉलिस्टर मिसळलेलं स्वस्तातलं कापड, अंगाला न बसणारं. माझ्याकडे मागितलं असतं तर मी सुती दिलं असतं. त्या तिघींत आपली कुठली, ते मला पाठीवरून ओळखू येईना. बायकोने कानात सांगितलं, मधली. मी मधलीकडे बघत बसलो. माणसं आमच्याकडे वळून हसत होती, मी हसण्याला हसणं परत करत होतो. एक गाणं झालं, दुसरं झालं. मग एक सिस्टर माइकपाशी आली आणि हिंदीत म्हणाली, "अब फादर सामने आएंगे."

मी उठलो.

बाकीच्या दोन मुलींचे बाप जागेवर बसून होते. मला त्यांचा रागच आला, पोरीसाठी बोलावलंय आणि हे ढिम्म हलत नाहीत. बायकोने मागून शर्ट धरला, तो मी सोडवून घेतला आणि मधल्या वाटेने चालू लागलो. अर्ध्यात पोचलो तेव्हा बाजूच्या दारातून पांढरा झगा घातलेला तिशीतला एक तरुण बाहेर आला आणि मला बघून थबकला. बोलावलं कोणाला होतं, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मागे कोणी तरी हसू दाबलं. ते दोन बाप पिढ्यांचे ख्रिस्ती, ते कशाला उठतील. मला पुढेही जाता येईना आणि मागेही फिरता येईना. दुकानाच्या शर्टात मी तिथेच उभा राहिलो.

मधली मुलगी वळली. विधी चालू असताना वळायचं नसतं, असं बायकोने मला नंतर सांगितलं. ती तीन वर्षांत वाळली होती. तिने आधी मला बघितलं, मग त्या तरुणाला, आणि साध्या आवाजात, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "हे माझे बाबा आहेत."

तो फादर माझ्याकडे बघून म्हणाला, "या काका, इथे या."

मी गेलो. ती बाजूला सरकली आणि मी तिच्याजवळ उभा राहिलो. काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. तीन वर्षांचं सगळं एकदम वर आलं. दुकान उघडायचं काही अडलं नव्हतं त्या दिवशी, असं मी तिला सांगत होतो, पण शब्द धड बाहेर येत नव्हते. तिने माझा हात धरून ठेवला. किती वेळ गेला माहीत नाही. विधी थांबला होता, आणि कोणीही घाई करत नव्हतं.