साक्षीदाराचे कान

शपथ त्यांनी समोरच्या कार्डावरून वाचून घेतली, अगदी खणखणीत आवाजात. त्यामुळे पुढे काय अडणार आहे ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. मग न्यायाधीश साहेबांनी विचारलं, "तुमचं पूर्ण नाव?"

"आं?"

शिपाई त्यांच्या कानाशी जाऊन ओरडला. साक्षीदार त्याच्याकडे बघून प्रेमाने हसले आणि पुन्हा म्हणाले, "आं?" मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसले होते. नावाची जागा रिकामी होती.

मी स्टेनो आहे. जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात, कोणत्या ते सांगत नाही. रोज भोकरदनहून एसटीने जाते आणि एसटीने येते. लोकांना वाटतं, कोर्टात जे बोललं जातं ते सगळं आम्ही लिहितो. तसं नसतं. वकील विचारतात, "त्या दिवशी तुम्ही घरी होतात का?" साक्षीदार म्हणतो, "न्हाई साहेब, वावरात गेल्तो." साहेब हे दोन्ही ऐकतात आणि मला सांगतात, "मी त्या दिवशी घरी नव्हतो, शेतात होतो." मी तेवढंच टाइप करते. प्रश्न हवेत विरून जातो, उत्तर कागदावर उरतं. टाइप होईल तसं ते साहेबांच्या स्क्रीनवर आणि वकिलांच्या टेबलावरच्या स्क्रीनवर दिसत राहतं. माझी खुर्ची साहेबांच्या डायसखाली, वकिलांच्या टेबलाला लागून. त्यामुळे वकील आपसात काय कुजबुजतात तेही मला ऐकू येतं. ते टाइप करायचं नसतं.

जालन्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये आमचे सर सांगायचे, "कान उघडे ठेवा, डोकं बंद ठेवा." विचार करत बसलं की बोटं अडखळतात. सतरा वर्षांत मला हे इतकं जमलंय की बारा वाजून गेले की मी तिथे नसतेच. पंखा फिरत असतो, खिडकीतून कडुलिंबाची सावली टेबलावर हलत असते, शब्द कानातून शिरतात आणि बोटांतून निघून जातात. मध्ये मी कुठेच लागत नाही. घरी नवरा विचारतो, आज काय झालं कोर्टात? मी म्हणते, माहीत नाही बाबा, टाइप केलंय सगळं.

तर हे साक्षीदार म्हणजे सखाराम गुरुजी. जाफराबादकडच्या एका खेड्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. बायको गेलेली, मूलबाळ नाही. पुतण्या विलासच्या घरी राहायचे. दावा लावला होता विलासच्या सख्ख्या आत्याने, कौसल्याबाईंनी. त्या गुरुजींच्या चुलत बहीण, पण दोघं एकाच घरात वाढलेले. सहा वर्षांपूर्वी कौसल्याबाईंनी एका हक्कसोडपत्रावर अंगठा दिला होता. म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाच्या मुलासाठी सोडला, असा कागद. बाईंचं म्हणणं, मला सातबाऱ्याचं काहीतरी काम आहे म्हणून नेलं, कागदात काय आहे ते कुणी सांगितलंच नाही. विलासचं म्हणणं, आत्याने राजीखुशीने दिला. कागदावर दोन साक्षीदार होते. एक वारला होता, उरले गुरुजी. त्यांनी आधीच शपथपत्र दिलं होतं की कौसल्याबाईंनी माझ्यासमोर स्वखुशीने हक्क सोडत असल्याचं सांगितलं. आता फक्त उलटतपासणी बाकी होती, म्हणजे समोरच्या वकिलाने प्रश्न विचारून ते तपासायचं. बाईंचा वाटा राहणार की जाणार ते गुरुजींच्या शब्दावर होतं, आणि गुरुजींना प्रश्नच ऐकू येत नव्हता.

विलास लगेच उठला. "साहेब, काकाला माझाच आवाज कळतो. मी सांगतो ना कानात. दहा वर्षांपासून मीच सांगून राह्यलो."

"कानाचं मशीन नाही का?" साहेबांनी विचारलं.

"मशीन नुसती शिट्टी मारती साहेब."

कौसल्याबाईंचे वकील नवे होते, पण एवढं त्यांना कळत होतं. "प्रतिवादीच दुभाषा कसा होईल, साहेब?"

साहेबांनी ते मान्य केलं. मग वकिलांनी प्रश्न कागदावर लिहून दिला. गुरुजींनी चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला आणि मोठ्याने विचारलं, "हे अक्षर कोणत्या शाळेतलं?" सगळं कोर्ट हसलं. वकील लालबुंद झाले.

आमचे साहेब माझ्यापेक्षा वयाने लहान, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी जरा विचार केला आणि मला म्हणाले, "मॅडम, टेबलावरचा स्क्रीन साक्षीदाराकडे फिरवा. एक कोरी फाईल उघडा. जे कानावर येईल ते त्यात टाइप करा. गाळू नका. जबाब मी सांगेन तो नेहमीच्या फाईलमध्ये घ्या."

शिपायाने स्क्रीन फिरवला. मी अक्षरं मोठी केली, आणखी मोठी केली. वकिलांनी विचारलं, मी टाइप केलं, "तुमचं पूर्ण नाव सांगा." गुरुजी स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा असा झाला, जणू अंधारात बसलेल्या माणसासमोर कुणी दिवा आणून ठेवावा.

"दिसून राह्यलं," ते म्हणाले. "समदं दिसून राह्यलं."

त्यानंतर कोर्टात काहीतरी वेगळंच झालं. एरवी घसा ताणून बोलणारे वकील हळू बोलायला लागले. आपला शब्द तोंडातून निघतो आणि समोर अक्षर होऊन उभा राहतो, हे दिसायला लागलं की माणूस जपून बोलतो. खोकणारेही दबून खोकत होते. पंख्याचा आवाज, कीबोर्डचा आवाज आणि मध्येच गुरुजींचं बहिऱ्या माणसाचं मोठ्ठं उत्तर. शाळेत दुपारच्या सुट्टीनंतर वर्ग पेंगतो आणि एकटा मुलगा धडा वाचत असतो, तसं वाटत होतं. मी नेहमीसारखी मनाने निघून गेले. कान उघडे, डोकं बंद.

हशा झाला तेव्हा मी परत आले. स्क्रीनवर लिहिलं होतं, "म्हातारा बराबर बोलेल ना? घोकून घेतलंय त्याच्याकडून." पहिलं वाक्य विलासच्या वकिलांचं होतं, दुसरं विलासचं. दोघं माझ्या कोपराशी कुजबुजले होते. गाळू नका म्हटलं होतं, बोटांनी गाळलं नाही.

गुरुजींनी ते दोनदा वाचलं. मग मान वळवून विलासकडे पाहिलं.

"मंग घोकलेलं सांगू, का झालेलं सांगू?"

विलासचे वकील ताडकन उठले. "साहेब, ही खाजगी चर्चा आहे! ही रेकॉर्डवर कशी येते?"

"हे रेकॉर्ड नाही," साहेब म्हणाले. "रेकॉर्ड मी सांगेन ते. हे साक्षीदाराचे कान आहेत. कानावर पडू नये असं वाटत असेल तर बोलू नका." मग माझ्याकडे वळून, "टाइप करा, झालेलं सांगा."

बाईंच्या वकिलांनी विचारलं, "हक्कसोडपत्राच्या वेळी कौसल्याबाई तुमच्यासमोर काय बोलल्या?"

गुरुजींनी वाचलं. "तिचे व्हट हलून राह्यले होते," ते म्हणाले. "मला कुठं ऐकू येतं? विलास म्हणला, आत्या खुशीनं सोडून राह्यली. मी सही केली."

साहेबांनी सांगितलं, मी जबाबाच्या फाईलमध्ये घेतलं: "कौसल्याबाई काय बोलल्या ते मला ऐकू आले नाही. विलासने मला सांगितले त्यावर विसंबून मी सही केली." एवढ्या दोन ओळींसाठी सगळं कोर्ट त्या दिवशी बसलं होतं.

"त्यानंतर तुमची त्यांची भेट?"

"न्हाई. विलास म्हणला, आत्या म्हणती दादाचं तोंड बघायचं न्हाई मला."

साहेबांनी तेही लिहून घ्यायला सांगितलं. वकील म्हणाले, आणखी प्रश्न नाहीत. मी हे टाइप करत असतानाच मागच्या बाकावरून आवाज आला. कौसल्याबाई उठून उभ्या होत्या. बारीक चणीच्या, डोक्यावर पदर, हात बाकाच्या कडेवर. पक्षकाराने असं मध्ये बोलायचं नसतं. शिपाई त्यांच्याकडे धावला. साहेब म्हणाले, "थांबा." मला म्हणाले की त्यांना, ते कळलं नाही. पण बाईंचं बोलून झालं होतं आणि मी थांबले होते. स्क्रीनवर एवढंच होतं, "दादा, मी असं कधी"

गुरुजी वाट बघत होते. कर्सर लुकलुकत होता.

"पुढं?" ते म्हणाले. "पुढं काय म्हणली ती?"

विलास खाली बघत होता. मला पुढचं वाक्य तोंडपाठ होतं, कानात तसंच्या तसं थांबलं होतं. सतरा वर्षांत मी कोर्टात विचारल्याशिवाय एक शब्द बोलले नव्हते. मी उभी राहिले.

"साहेब, वाक्य अर्धं राहिलंय."

विलासचे वकील पुन्हा उठले. साहेबांनी हात वर करून त्यांना बसवलं. घड्याळाकडे पाहिलं, समोरच्या कागदांकडे पाहिलं. "साक्षीदाराची उत्तरं नोंदली गेली आहेत," ते सावकाश म्हणाले. "अर्धं वाक्य वाचायला देणं बरोबर नाही. पूर्ण करा."

मी टाइप केलं, "म्हणलं न्हाई. दर संक्रांतीला तिळाच्या पोळ्या घेऊन यायची. विलास दारातच म्हणायचा, काका झोपलेत. मी डबा देऊन माघारी जायची."

गुरुजींचे ओठ वाचताना हलत होते. शेवटाला आल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"त्या पोळ्या तुझ्या व्हत्या?" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की बाहेरच्या व्हरांड्यातले लोक डोकावले. "मला म्हणले, विलासच्या बायकोनं केल्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब फाईलमध्ये काहीतरी शोधत होते, जे तिथे नव्हतं.

जबाबाची प्रिंट काढली. साक्षीदाराला तो वाचून दाखवावा लागतो, गुरुजींनी स्वतःच ओळीखाली बोट फिरवत वाचला. मग मला म्हणाले, "यात तिचं न्हाई."

मी टाइप केलं, "ते रेकॉर्डवर येत नाही, गुरुजी. फाईल बंद केली की पुसलं जाईल."

"मंग जरा वेळ पुसू नका."

दोन वाजता कोर्ट जेवायला उठलं. विलास आणि त्याचे वकील तरातरा बाहेर गेले. कौसल्याबाई पुढे येऊन टेबलाशी बसल्या. गुरुजी स्क्रीनसमोर बसले. मी डबा उघडलाच नाही. बाई बोलत होत्या, मी टाइप करत होते, गुरुजी वाचत होते आणि उत्तर देत होते. रिकाम्या कोर्टात कडुलिंबाची सावली टेबलावरून भिंतीवर सरकत गेली. सहा वर्षांचं बोलणं पाऊण तासात झालं. काय काय बोलले ते विचाराल तर मला आठवत नाही. एका ओळीपाशी तेवढी बोटं अडखळली. बाई म्हणाल्या, "मला लिहाया आलं असतं तर चिठ्ठी धाडली असती."

गुरुजी त्या ओळीकडे बघत राहिले. "अख्ख्या गावाला शिकवलं मी," ते म्हणाले, या वेळी हळू. "घरात तू व्हतीस. तुला न्हाई शिकवलं."

लोक परत यायला लागले तशी मी फाईल बंद केली. कॉम्प्युटरने विचारलं, सेव्ह करायची का? मी 'नाही' दाबलं. संध्याकाळी स्टँडवर बघितलं तर विलास मोटरसायकल घेऊन उभा होता आणि गुरुजी त्याच्या बाजूने चालत जाऊन बहिणीशेजारी जीपमध्ये बसले.

निकालही मीच टाइप केला. हक्कसोडपत्र कौसल्याबाईंवर बंधनकारक नाही, त्यांना वाटा मिळावा. विलासने जालन्याला अपील केलंय. ते चालेल तितकी वर्षं चालेल.

संक्रांतीनंतर एक दिवस शिपायाने माझ्या टेबलावर स्टीलचा डबा आणून ठेवला. गुरुजी देऊन गेले म्हणाला, थांबले नाहीत, जीप सुटत होती. डब्यात तिळाच्या पोळ्या होत्या, वर वहीच्या पानाची घडी. पेन्सिलीने लिहिलेलं. अक्षरं मोठी, एक डोंगरावर तर एक दरीत, आणि कुठे कुठे खोडून पुन्हा गिरवलेली. "ताई पोळ्या खा. मी लिवलं. कौसल्या."

ती घडी मी ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. नवीन मुली स्टेनो म्हणून लागतात, विचारतात, मॅडम, या कामात काय लक्षात ठेवायचं? मी सरांचंच सांगते, कान उघडे, डोकं बंद. आणि माझं एक जोडते. थांबा म्हटलं की थांबायचं, पण वाक्य अर्धं राहिलं असेल तर उभं राहून तेवढं सांगायचं.