पडद्यावरची रेस

दाजींची आणि माझी गट्टी जमली ती हैदराबादच्या रेसकोर्सवर, कठड्याला पोट टेकून. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. चिंताकी गावात त्यांची थोडी शेती आणि वरातीची एक पांढरी घोडी. आसपासच्या गावांतले निम्मे नवरदेव तिच्यावर बसून मांडवात गेलेत. मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर, आता निवृत्त. दोघांना घोड्यांतलं कळतं असं दोघांनाही वाटायचं.

हंगामात महिन्यातून एखादा रविवार आम्ही बिदरहून सकाळची गाडी धरायचो. रेसच्या आधी घोडे गोल फिरवतात, तिथं जाऊन उभं राहायचं. मी चाल बघायचो. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढं पडतो का, कान कुठं आहेत, मांड्यांच्या मधे घामाचा फेस आलाय का. दाजी अंगावरचे केसांचे भोवरे बघायचे. आमच्याकडं बाजारात बैलाचा, घोड्याचा भोवरा बघितल्याशिवाय कुणी दोरीला हात लावत नाही. छातीवर वाकडा भोवरा असला की दाजी तोंड फिरवायचे, मग त्या घोड्यावर अख्खं हैदराबाद पैसे लावत असो. आठ रेसपैकी दोनच खेळायचो आणि बहुतेक वेळा हरायचोच. रेसकोर्स म्हणजे काही देऊळ नव्हे, तिथंही माणसं बरबाद होतात. पण आम्ही घोडं बघून हरायचो.

मग तालुक्याला एका लॉजच्या वरच्या मजल्यावर ती खोली निघाली. कायद्यात बसते का, हे मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. भिंतभर पडदा, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि हैदराबाद, बेंगळूर, पुणे, जिथं कुठं घोडं पळत असेल तिथली रेस तिथं दिसणार. दाजी आधी रविवारी जायचे, मग बुधवारी, मग रोजच. अक्काला सांगायचे, चारा बघायला चाललो. मला ठाऊक होतं आणि मी गप्प होतो. मेव्हणा म्हणून गप्प होतो असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर भित्रेपणा होता.

मला त्या खोलीचा मनापासून संताप यायचा. भोवऱ्यासाठी जिवाचं रान करणारा माणूस तिथं बसून नुसता आकड्यावर पैसे लावायचा. ‘आज चार नंबर लावतो.’ चार नंबर म्हणजे काळं की तांबडं, घोडा की घोडी, ते त्यालाही माहीत नाही.

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. संध्याकाळी घोडीची वरात ठरलेली आणि दुपारी एक वाजता दाजी घरात नाहीत. अक्का मला म्हणाली, ‘तुझे दाजी चारा बघाया गेल्यात म्हणं. जरा बघून ये, कुठं बसल्यात ते. घोडी धुवायची हाय.’

‘बघतो,’ म्हणालो आणि मोटारसायकल काढून सरळ त्या लॉजवर गेलो. कानाला धरून आणायचं, एवढंच डोक्यात होतं.

दारात एका माणसानं भाजीचं क्रेट पुढं केलं. ‘फोन ठेवा.’

‘कामून?’

‘चित्र उशिरा येतंय. आधीच निकाल कळला तर आमचं कसं व्हायचं?’

म्हणजे पळून झालेली रेस हे लोक घसा फोडून पळवत होते. मी दात-ओठ खाल्ले, पण फोन त्या क्रेटात टाकला. दाजी चौथ्या रांगेत होते. मी जाऊन म्हणालो, ‘दाजी, उठा. अक्का वाट बघायलीय.’

‘ही एक होऊ दे. बस की जरा.’

पडद्यावर घोडे फिरताना दाखवतात, पण कसे, तर चटकन. एक तांबडं घोडं दिसलं आणि गेलं. तेवढ्यात मला दिसलं की त्याचा मागचा पाय आखडतोय. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘हे येत न्हाई.’ सगळ्यांनी त्याच्यावरच लावले होते. ते सर्वांत शेवटी आलं.

पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. एकानं खुर्ची दिली, एकानं चहा मागवला. ‘काका, आता सांगा.’ दाजींनी छाती फुगवून सांगितलं की माझा मेव्हणा जनावरांचा जाणकार हाय. निवृत्त झाल्यापासून कुणी मला काही विचारलं नव्हतं. लाज वाटते लिहायला, पण मला ते फार गोड लागलं. ज्या खोलीला मी वर्षभर शिव्या घातल्या, तिथं मी चार रेस बसलो. चौथ्या वेळी माझा सहा नंबर पहिला आला आणि लोकांनी मला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

खाली उतरताना क्रेटातून फोन घेतला. अक्काचे सतरा मिस्ड कॉल होते. दाजींच्या फोनवरही तेवढेच. उलट फोन केला तर तिनं उचलला नाही.

गाडीवर मागं बसून दाजी अर्ध्या रस्त्यात बोलले. ‘घोडीचा हरभरा भिजवायला येळ नव्हता रे. सकाळ-संध्याकाळचा सगळा एकदम कोरडाच टाकून आलो.’ मी गाडीचा वेग वाढवला. कोरडा हरभरा, वर पोटभर पाणी, म्हणजे घोड्याच्या पोटात काय होतं हे आम्हा दोघांनाही पाठ होतं. तोंड उघडलं असतं तर मी त्यांना तिथंच खाली ढकललं असतं.

अंगणात घोडी आडवी पडली होती. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, पाय ताठ झालेले. गावातली माणसं बाजूला उभी होती. त्यांच्यातला एक हळूच सांगू लागला. रविवार, दवाखाना बंद. माझ्या घराला कुलूप. चारा कुठल्या गावाला बघायला गेलेत ते कुणाला ठाऊक नव्हतं. पोट दुखलं की घोड्याला बसू द्यायचं नाही, लोळू द्यायचं नाही, फिरवत ठेवायचं, हे मीच अक्काला कधीतरी शिकवलं होतं. तिनं दोन तास फिरवलं. कुणी दोरी मागितली तरी सोडली नाही, माझा भाऊ येतोय म्हणाली. त्यावरचं इंजेक्शन माझ्या घरात पेटीत होतं.

अक्का घोडीच्या डोक्याशी बसली होती. पायात चप्पल नव्हती, तळहात दोरीनं सोलून निघाले होते. मला वाटलं ती आता शिव्या देईल, आणि द्याव्यात असंच वाटत होतं. दाजी दारातच खाली बसले.

तिनं वर बघितलं नाही. मलाच विचारलं, ‘कुठलं घोडं आलं?’

‘सहा नंबर,’ मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि घोडीच्या गळ्यातली दोरी सोडायला लागली.