हक्काचा गहू

जळोचीतला आमचा गिरणीवाला गिऱ्हाइकाला नावाने पुकारत नाही, दळणाने पुकारतो. "ए बाजरी, डबा उचल!" महामारीत खानावळी बंद पडल्या, त्यांचे दळण थांबले आणि त्याने गिरणी विकायला काढली. मग सरकारने मोफत गहू दिला, गिरणीचा पट्टा पुन्हा फिरू लागला आणि रांगेत सगळेच गहू झाले. त्यावर याने तोड काढली, "इकतचा गहू म्होरं, फुकटचा गहू मागं!"

ते ऐकून खानावळीतले काम सुटलेली एक बाई पिशवी पदराआड घेऊन परत निघाली. माझा संताप अनावर झाला.

"ज्यांच्यामुळे तुझी गिरणी वाचली, त्यांनाच मागे? तो गहू फुकटचा नव्हे, कायद्याने हक्काचा आहे. तहसीलदारांकडे लेखी तक्रार करीन!"

त्याने कान धरले आणि त्या बाईला हाक मारली, "अवो, हक्काचा गहू! म्होरं या तुमी!"

ती हसत पुढे आली. मीही विजयी मुद्रेने माझा डबा सरकवला.

"आबा, तुमचा इकतचा न्हवं? मग बिनहक्काचा गहू, मागं थांबा!"

आजही तो मला याच नावाने पुकारतो, आणि त्याविरुद्ध मला एकही कलम सापडत नाही.