रविवारची गोळी

इतवारीच्या भांडे ओळीत आनंदरावांनी अर्धं आयुष्य लोकांची नावं कोरण्यात घालवलं. लग्नात कुकर द्या नाहीतर वास्तूला ताट द्या, त्यावर देणाऱ्याचं नाव नसेल तर नागपुरात ते दिलंच नाही असं धरतात. भेट जितकी लहान तितकं नाव लांब, हा आनंदरावांचा अनुभव. एका गृहस्थांनी पाणी प्यायच्या पेल्यावर स्वतःचं नाव, हुद्दा आणि सगळी मुलंबाळं घालायला सांगितली, तेव्हा आनंदराव म्हणाले, "बकेट घ्या ना जी. पेल्यात तुमचं खानदान बसून नाही राहिलं."

हुडकेश्वरच्या त्यांच्या घरात मात्र एकाही भांड्यावर नाव नव्हतं. बायको प्रेमिला टोकायची, तर म्हणत, "आपल्याच घरी कायले वं? चोर काय वाचून चोरते?" फक्त मुलीच्या, दीप्तीच्या लग्नातलं एकूण एक भांडं मीच कोरीन, हे ते ती शाळेत होती तेव्हापासून सांगत आले होते.

मग एका दुपारी मशीनची सुई मोडली आणि तिचा तुकडा त्यांच्या उजव्या डोळ्यात शिरला. चष्मा कपाळावर होता. गिऱ्हाइकाची थट्टा करायची असली की ते तो वर सरकवत. डोळा शिवला, पण नजर गेली. "एक दुकान बंद," ते म्हणाले, "दुसऱ्यावर भागवू." दोनेक महिन्यांत दुसऱ्या दुकानाचंही शटर खाली यायला लागलं. डावा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, अक्षरांवर धुकं आलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वेदिका मोठ्या समजुतीच्या होत्या. त्या म्हणाल्या, "डोळ्याच्या आतलं शरीराच्या पहारेकऱ्यांनी कधी पाहिलेलं नसतं. तो बंद वाडा असतो, तिथं धुडगूस घालायचा नाही असा त्यांना जणू हुकूमच असतो. तुमचा उजवा डोळा फुटला, आतलं बाहेर आलं, आणि पहारेकऱ्यांना ते परकं वाटलं. आता तसंच त्यांना डाव्या डोळ्यात दिसतंय."

"म्हंजे आपलेच पोलीस आपल्याच घरावर धाड घालून राहिले?"

"हो."

"अन् जामीन?"

"मिळेल. पण हजेरी चुकवायची नाही."

या आजाराच्या इंग्रजी नावात सहानुभूती आहे म्हणे. एका डोळ्याचं दुःख दुसऱ्याला बघवत नाही, म्हणून तोही जायला निघतो.

आधी स्टेरॉइडचा भडिमार झाला. आयुष्यभर काडी असलेल्या आनंदरावांचे गाल फुगले. शेजारचे भांडेवाले देवाजी खूश झाले, "काय गा, सासरवाडी मानवली!" धुकं हटलं. स्टेरॉइड हळूहळू कमी होत बंद झालं आणि उरली एक पिवळी गोळी, आठवड्यातून एकदा, दर रविवारी. ती पहारेकऱ्यांचे हात बांधून ठेवायची. तिचा त्रास होऊ नये म्हणून इतर दिवशी दुसरी, बारकी, तीही पिवळीच. ती ताकदीची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "चांगलं दिसायला लागलं की सोडावीशी वाटेल. रविवारची सोडू नका." गोळ्यांचा कारभार प्रेमिलाकडे होता. ती तळहातावर ठेवी, ते तोंडात टाकत.

दीप्तीचं मौद्याच्या रजतशी ठरलं. भांडी आली. आणि नेमकी तेव्हाच आनंदरावांना सर्दी झाली. ती काही जाईना.

शेजारच्या यमुताईंच्या कडुलिंबावर गुळवेल चढलेली होती, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या तब्येती त्यांच्या ताब्यात होत्या. त्यांनी मेडिकलवाल्याकडून रविवारच्या गोळीची माहिती काढली आणि कंपाउंडवरून सांगितली, "ते गोळी प्रतिकारशक्ती मारते वं! दुनिया वाढवून राहिली, अन् तू हातानं कमी करून राहिली?"

प्रेमिलाचा धाकटा भाऊ कोरोनात गेला होता. 'प्रतिकारशक्तीच नव्हती,' असं त्या दिवशी कोणीतरी म्हणालं होतं. तो शब्द तिच्या काळजात तेव्हापासून रुतलेला. त्या रविवारी तिनं मोठी गोळी मोरीत टाकली, नवऱ्याच्या हातावर बारकी ठेवली आणि वर पेलाभर गुळवेलीचा काढा दिला. सर्दी तशीही जायचीच होती, ती गेली. प्रेमिला जिंकली. पुढचे सगळे रविवार तसेच.

आनंदराव अंगणात बसून कोरू लागले. ताट उन्हाकडे धरून, नाक जवळजवळ टेकवून.

"डोळा दुखते काय जी?"

"भांडं चमकते वं."

"लाल दिसून राहिला. रडले काय?"

"पोरगी चालली, तं हसू काय?"

यावर प्रेमिलाच रडून घेई. डॉक्टरीणबाईंकडे जायची तारीख आली, तर ते म्हणाले लग्नानंतर जाऊ, आणि ती लगेच हो म्हणाली. दोघांनाही वाटलं, बरं झालं, समोरच्यानं फार विचारलं नाही.

विहारात लग्न झालं. भांडी मांडली होती. शेवटच्या ताटांवरची अक्षरं घसरत काठापर्यंत गेली होती, आणि एका गंज-पातेल्यावर 'दीप्ती'वरच पुन्हा 'दीप्ती' कोरलं होतं. रजतची आई कौसल्याबाई त्यावरून बोट फिरवत म्हणाली, "बापाचा हात थरथरला असन." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आनंदरावांची फार वाहवा झाली.

नंतर डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ डोळ्यात पाहिलं. समोर हात हलवला. तो हललेला तेवढा आनंदरावांना कळला.

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून. घरी सांगतलं नाही. हे जिवाले घोर लावून घेते."

प्रेमिलानं नवऱ्याकडे पाहिलं.

"रविवारची गोळी चुकली होती?"

प्रेमिलाचं तोंड उघडलं. पण आनंदराव आधी बोलले, आणि अभिमानानं बोलले, "एकही नाही मॅडम! बायको हातानं देते. वरून यमुताईच्या गुळवेलीचा काढा पाजते."

"काढा बंद," बाई म्हणाल्या. "गोळी घेऊनही असं झालं, म्हणजे ती एकटी पुरली नाही. आता जोडीला इंजेक्शन देऊ. उरलंय तेवढं राखायला. गेलं ते येणार नाही."

प्रेमिलाचं तोंड मिटलं.

रविवार आला. जेवणं झाली. तिनं गोळी तळहातावर ठेवली. आनंदरावांनी ती लगेच तोंडात टाकली नाही. अंगठ्यानं फिरवली, काठ चाचपला, जसा ते कोरण्याआधी ताटाचा चाचपत.

"रविवारची एवढी मोठी राहते काय वं?"

नळाचं पाणी मोरीत पडत होतं, ते प्रेमिलानं उठून बंदही केलं नाही.

"डोळा होता तवा पाहिलंच नाही म्या," ते म्हणाले. गोळी गिळली, पेला चाचपडत खाली ठेवला.

"यमुताईले सांगजो, सर्दी बरी हाय."