धोंडूच्या नाकाचा सौदा

धोंडू खोकायला लागला की गॅरेजातल्या गाड्यांना वाटावं, आपल्यालाच कुणीतरी किक मारतंय. आधी खुर्र, मग खुर्रखुर्र, मग एकदम ठो! आणि वर स्वतःच म्हणणार, "झाली रे बाबा स्टार्ट!"

रत्नागिरीत गाडी ठोकली की ती अनिलशेठच्या गॅरेजात यायची, आणि रंगाची वेळ आली की धोंडूपुढे. त्याने रंगवलेल्या बोनेटमध्ये बघून गिऱ्हाइकं भांग पाडून घेत. पैसे मात्र पॅनलवर. दार रंगवलं तर दाराचे, बंपर रंगवला तर बंपरचे. एकदा धोंडूने स्वतःच साधासा मास्क आणून बघितला. चष्म्यावर वाफ धरली, हात मंदावला, पॅनल कमी झाले. मास्क गेला, रुमाल आला.

"धोंड्या, मास्क लाव हां! तब्येतीपुढे विषयच नाय!" असं ओरडत अनिलशेठ कानाला फोन लावून निघून जाई. मास्क कुठे ठेवलाय, ते काही सांगत नसे.

एका रविवारी राजापूरहून व्याही जेवायला यायचे होते. धोंडूची बायको शकू मांडवीत दारोदार मासळी विकते, पण तिची टोपली सकाळीच रिकामी झालेली. "सुरमय घेऊन या," म्हणून तिने धोंडूला पिटाळलं.

धोंडूने आणल्या कापलेल्या तुकड्या. अशा लखलखीत, की वर क्लिअर कोट मारलाय! रंगवाल्याला चकाकी दिसली की पुढचं दिसत नाही.

शकूने पिशवी सोडली आणि पदर नाकाला लावला.

"अवो, ह्या काय आणलात?"

"सुरमय गो."

"सुरमयचा तेरावा पण झालाय! वास नाय आला तुमाला?"

शकूने हिंगाची डबी उघडून त्याच्या नाकाखाली धरली.

"सांगा, काय हाय?"

धोंडूने मन लावून हुंगलं. "हळद?"

एरवी ती खो-खो हसली असती. आज डबी बंद करून तशीच उभी राहिली. व्याह्यांना अंड्याचा रस्सा मिळाला.

शकूने दाखवायला नेलं, तर डॉक्टर म्हणाले, रंग आणि थिनर रोज आत जातोय. नाकाचं सांगता येत नाही, पण असंच चाललं तर छातीही जाईल.

"शेठला सांगा, चांगला मास्क द्या नि पगार महिन्याचा करा," शकू म्हणाली.

"आणि त्याने दुसरा पेंटर आणला तर? खायचं काय?"

"तुमी बोलू नका. मी येतंय."

पुढच्या सोमवारी ती टोपली घेऊनच गॅरेजात हजर. आत एका लाल गाडीचं अर्धं अंग रंगवून झालेलं, अर्धं करडं.

"शेठ, फिल्टरचा मास्क पायजे. आणि पगार महिन्याचा."

"वैनी, मास्क देतो, विषयच नाय! पण पगार सगळीकडे पॅनलवरच असतो."

"मग मास्क घालून हे हळू रंगवणार नि घरी उपाशी बसणार?"

"बघू ना पुढच्या महिन्यात."

शकूने वाद घातला नाही. टोपली डोक्यावर घेतली, धोंडूचा हात धरला. "चला हो. इथे भाव नाय."

धोंडूच्या हातात अजून स्प्रे गन. ती त्याने हळूच जमिनीवर ठेवली आणि बायकोमागून चालू लागला. अनिलशेठने एकदा लाल बाजू बघितली, एकदा करडी. गाडीचा मालक संध्याकाळी येणार होता.

ती दोघं फाटकाबाहेर पडली, तेव्हा मागून हाक आली, "अवो वैनी! थांबा की! महिन्याचा तर महिन्याचा!"

"आणि मास्क?"

"आजच आणतो!"

"आणा. तो आला की हे गन हातात धरतील."

शेठ स्कूटर काढून बाजाराकडे पळाला. धोंडू फाटकाशी मटकन बसला आणि एक लांबलचक खुर्रखुर्र काढून म्हणाला, "शकू, त्याने हाकच मारली नसती तर गो?"

"तर नाक्यापर्यंत चालायचं," शकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "टोपली उचलली की तिथवर गिऱ्हाईक मागे येतंच."