साहेबाच्या गवतातलं भात

ठाण्याच्या खाडीकाठी एक कापड गिरणी होती. तिच्या मागे महिपत भोईराच्या बापाचं भाताचं शेत होतं. महिपत पोरवयात असताना गिरणीने ती जागा घेतली आणि तिथल्या कीनन साहेबाने तिचं गोल्फचं मैदान केलं. खाचरांमधले बांध मोडले, वर गवत लावलं, गवतात लाल झेंडे रोवले. महिपतचा बाप त्यानंतर दिवसभर खाडीकडे तोंड करून बसायचा. फार जगला नाही तो. पुढे महिपत पोटासाठी त्याच मैदानावर गवत कापायला लागला.

हे मला त्याच्या मुलाने, विठ्ठलने सांगितलं. गिरणीत आम्ही शेजारशेजारच्या मागांवर होतो.

साहेब उंच, तांबूस, एकटा माणूस. कोणी इंग्रज म्हटलं की चिडायचा. आपण आयरिश, असं ठासून सांगायचा. त्याच्या बंगल्यात गावाकडच्या मैदानाचं एक चित्र होतं. थेट समुद्रात उतरणारे कडे, वाऱ्याने एका अंगाला झोपलेलं गवत. इथे खाडीवरून वारा सुटला की साहेब खेळ थांबवून नुसता उभा राहायचा. महिपतला सुरुवातीला त्या गवताचा राग यायचा. पण वर्षं गेली तसा तो राग कुठेतरी विरला. सकाळी दवातलं गवत बघून त्याला बरं वाटायचं. मग बाप आठवायचा, आणि तो खाली मान घालून गवत कापत राहायचा.

स्वातंत्र्याच्या पुढच्या वर्षी साहेब मायदेशी निघाला. महिपत बंगल्यावर गेला. आजवर जे बोलला नव्हता, ते त्याने सरळ बोलून टाकलं.

"साहेब, तू चाललास. आता आमचा शेत आमाला दे."

साहेबाने मान हलवली. "जमीन माझी नाही, महिपत. कंपनीची आहे." मग भिंतीवरचं चित्र दाखवून म्हणाला, "इथं माझ्या आजोबाचं घर होतं. जमीनदारानं हाकललं. नंतर मैदान झालं. मी तिथंच खेळायला शिकलो."

"आनि तुला काय वाटला नाय?"

"खेळताना नाही वाटलं," साहेब म्हणाला. "आता वाटतं."

महिपत पायऱ्या उतरून आला. निरोपाच्या दिवशी तो गेला नाही.

मैदानावर कोणी खेळेना. झेंडे वाऱ्याने फाटले, गवत गुडघ्याएवढं झालं. दोन पावसाळे असेच गेले. तिसऱ्या वर्षी महिपत आणि त्याची बायको हौसाबाई यांनी एका कोपऱ्यात गवत उपटलं, माती चिखलली आणि भात लावलं. कोणाला विचारलं नाही. लावणी करताना हौसाबाई गात होती. आईला गाताना विठ्ठलने कधी ऐकलं नव्हतं.

भात निसवलं, कणसं बाहेर पडली, तेव्हा गिरणीचे नवे अधिकारी, त्र्यंबकराव, मोजणीदारांना घेऊन आले. कामगारांसाठी चाळी बांधायच्या होत्या. भात बघून ते घोटाळले. माणूस वाईट नव्हता.

"भोईर, पीक कापून घ्या. सोमवारी पाया खणायला माणसं येतील."

"भात कच्चा हाय," हौसाबाई म्हणाली. "दाना भरला नाय अजून. दिवाळीपरयंत थांबा."

"माझ्या हातात असतं तर थांबलो असतो, बाई."

दोघांनी हिरवं भात कापलं. कणसं दाबली की दुधासारखं पाणी निघत होतं. भारे बांधून त्यांनी ते शेजारच्या गोठ्यात म्हशींना टाकलं. हौसाबाई घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

चाळी झाल्या. विठ्ठलला खोली मिळाली. नळ दारात, वर कौलं. सगळ्यांना आनंद झाला. हौसाबाई मात्र तिथे पाऊल ठेवायला तयार झाली नाही. "मी त्या भातावर नाय निजायची," एवढंच म्हणायची. दोन वर्षांनी गावातल्या झोपडीतच, तापात ती गेली.

एकटा महिपत मग मुलाकडे राहायला आला. मी त्याच चाळीत राहायचो. संध्याकाळी तो ओट्यावर बसलेला दिसायचा. एकदा विठ्ठलने त्याला विचारलं, "बाबा, आजाचा शेत नक्की कुठं व्हता?"

म्हाताऱ्याने चाळींच्या रांगांवरून नजर फिरवली. बराच वेळ फिरवली.

"आता नाय वलखत," तो म्हणाला, आणि उठून आत गेला.